कावळ्याला तरी थाप मार

"नाय सायेब, बॉयलर हाय."

एवढ्यावर तो माझ्या धाब्याचं छप्पर उडवायचा. बाहेर रस्त्यावर मी दोन पुरुष उंचीचा बोर्ड लावलेला. त्यावर तुरा फुलवून उभा असलेला कोंबडा, आणि खाली लाल अक्षरांत 'अस्सल गावठी'. गिऱ्हाईक माळशेज घाट उतरून भुकेनं कावलेलं. ते खुर्ची ओढता ओढता आपलं रीत म्हणून विचारतं, "गावठीच आहे ना?" आता या प्रश्नाला पृथ्वीतलावर एकच उत्तर असतं, हे ते गिऱ्हाईकही जाणून असतं. पण आमचा हा तंदूरवाला भट्टीपुढून उठायचा, घाम पुसायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचा आणि शांतपणे सांगायचा, "नाय सायेब, बॉयलर हाय. गावठी सोमवारी व्हती."

मी काउंटरवरून डोळे वटारायचो. "अरे, तुला कुणी विचारलं?"

"तेनीच इचारलं, शेट."

तुमच्यापैकी कुणी मुरबाडहून माळशेजकडे गेला असाल, तर टोकावड्याच्या पुढे डाव्या हाताला माझा धाबा तुम्ही पाहिला असेल. आत आला असाल तर मलाही ऐकलं असेल. या पंचक्रोशीत माझं नाव थापाड्या, आणि ते मी कष्टानं मिळवलेलं आहे. माझ्या शेताच्या बांधाला एवढा खेकडा निघाला की त्याच्या नांगीत बैलाचा पाय अडकून नांगरट बंद पडली, हे मी सांगतो आणि लोक चहा ओतून घेत ऐकतात. नाणेघाटात वारा सुटला की धबधब्याचं पाणी खाली न पडता वर उडतं, हे सांगतो तर लोक हसतात, "शेट, आता पुरे." आता ते नाणेघाटाचं अक्षरशः खरं आहे. जाऊन बघा. पण माझ्या तोंडून निघालं की खऱ्याचीही अशी गत होते.

आणि माझ्याच छपराखाली, माझ्याच भट्टीवर, हा माणूस. तांदळाची भाकरी अशी थापायचा की तिच्यातून पलीकडचा डोंगर दिसावा. पण तोंडात खोटं म्हणून यायचं नाही. भाजी सकाळची असली तर सकाळची. गिऱ्हाइकानं "पाणी फिल्टरचं आहे का?" म्हणून विचारलं तर, "बोरिंगचं हाय, पन ग्वाड हाय."

तो पहिल्यापासून असा नव्हता. पहिल्यापासून तो माणूसच नव्हता, हातभट्टीचा फुगा होता. त्याला चावलेला डास सरळ उडत नसे, खांबावर आपटून पडे. मी स्वतः सकाळी झाडून काढलेत. एके दिवशी हा रस्त्याच्या कडेला उताणा पडलेला. शहापूरचा एक गवंडी तेव्हा धाब्यामागं संडास बांधायला आलेला. त्यानं याला ओढून सावलीत नेलं, तोंड पुसलं, आणि डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायला लागला.

मी म्हटलं, "काय रे, मंतर मारतोस का?"

"नाय शेट. बापाशी बोलतो."

पुढच्या रविवारी तो गवंडी याला किन्हवलीवरून शहापूरला घेऊन गेला. तिथं त्याच्या पत्र्याच्या खोलीत दहाबारा माणसं येशूची गाणी म्हणायला जमायची. त्या दिवशी आमचा हा परत आला तो वास न येता आला. मी म्हटलं, दोन दिवस टिकेल. टिकला. वर्ष गेलं. गावठी दारूवाला माझ्याशी भांडायला आला, "शेट, तुमी माझं गिऱ्हाईक पळवलं."

'बाप' हा शब्द तिथून त्याच्या तोंडी बसला. त्याचा खरा बाप करवंदीच्या जाळीत साप चावून कधीच मेलेला, हे सगळ्या वाडीला ठाऊक. त्यामुळे सुरुवातीला हा "बापाला सांगतो" म्हणाला की ऐकणारा दचकून मागं वळून बघायचा.

लपवाछपवी त्याच्या गावीच नव्हती. जेवायला बसला की डोळे मिटायचा. घरी, धाब्यावर, लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर वडापाव हातात धरून. आणि थोडाथोडका वेळ नाही. त्याच्या भाकरीवर माशी येऊन बसायची, संसार थाटायची, नातवंडांची लग्नं लावायची, तरी याचं आमेन व्हायचं नाही. रविवारी सुट्टी. आमच्या रस्त्याला रविवारी मुंबईच्या गाड्यांचा पूर येतो, आणि नेमका त्या दिवशी माझा तंदूरवाला शहापूरच्या एसटीत!

"अरे, तुझ्या बापाला मंगळवार चालत नाही का?" मी ओरडायचो.

"तुमी पन चला, शेट. धाबा बंद ठेवा."

एकदा एका ट्रकवाल्याची गाडी दारात बंद पडली. यानं जाऊन बॉनेटवर हात ठेवला. "बापा, ह्या दादाला घरी जायाचं हाय, एवढं बघ." गाडी ढिम्म. मग हा स्वतः मुरबाडपर्यंत जाऊन मेकॅनिक घेऊन आला आणि त्यालाच सांगायला लागला, "तुला बापानं धाडलं."

मेकॅनिक म्हणाला, "मना तूच आनलास ना रं?"

"मना कोनी धाडलं?"

मेकॅनिकनं मान खाली घालून गप पाना फिरवला.

हे सगळं धाब्यावर खपून जायचं. वाडीत नाही. त्याची वाडी डोंगराच्या पायथ्याला, पन्नासेक घरं, सगळी एकमेकांची भाऊबंद. भात लावणीआधी तिथं गावदेवाचा मान असतो आणि घरोघर प्रसाद जातो. याच्या दारात प्रसाद आला. चुलतभावानं समजुतीनं सांगितलं, "घे रे. मागनं कोंबड्यांना टाक. कोन बघतो?"

"मंग घेऊ कशाला? देवाला बी फसवायचं, तुला बी फसवायचं? मी खात नाय, दादा. रागावू नको. लाकडं फोडायची असतील तं सांग, येतो."

आणि खरंच गेला, लाकडं फोडून दिली. त्यामुळं तर माणसं जास्तच चिडली. वाडीनं त्याला वाळीत टाकलं असं कुणी म्हणणार नाही. तसं करणं कायद्यात बसत नाही, हे वाडीलाही कळतं. वाडीनं फक्त त्याला बोलवणं सोडलं. लग्नाला नाही, लावणीला नाही, बारशाला नाही. दिसला की विचारायचे, "काय रे, बाप बरा हाय का?" आणि हसायचे.

"बरा हाय. तुमची आठवन काढतो," हा म्हणायचा. टोमणा नव्हे. तो खरंच तसं सांगायचा.

मला ही वाट थोडीफार ठाऊक आहे. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी घरचे देव टोपलीत घालून नदीत सोडले, तेव्हा गावानं आमचं काय केलं ते आमच्या घरात अजून सांगतात. आणि ते सांगताना मीसुद्धा काही वाढवत नाही. पण आमची अख्खी वस्ती एका दिवशी बदलली होती. गावानं तोंड फिरवलं तरी शेजारच्या घरात चूल पेटलेली दिसायची, सुतकाला चार माणसं यायची. हा एकटा बदलला. बायको नाही, ती दारूच्या दिवसांत माहेरी गेली ती गेलीच. पोर नाही. घरात फक्त आई. आणि आई जुन्या देवांपाशी, जिथल्या तिथं.

आता म्हातारीचं सांगतो.

ती एवढीशी होती. जोराचा वारा सुटला की मी तिला म्हणायचो, "आये, खिशात दगड ठेव, नाहीतर जुन्नरला उतरशील." डोंगरातून रानभाजी आणायची, शेवळं, करटोली, आणि धाब्याच्या मागच्या दारी ओतायची. मग चहा पीत मला शिव्या द्यायची. "थापाड्या, आज काय सोडलंस?" खेकड्याची गोष्ट तिनं मला परत परत सांगायला लावली. दर वेळी खेकडा मोठा व्हायला हवा, ही तिची अट.

लेकावर तिचा जीव, आणि त्याच्यावरच राग. एकदा भट्टीकडे बघत मला म्हणाली, "दारू सुटली रे त्याची. पन दारूसंगं लेक बी सुटला माझा."

"असं काय बोलतेस? तुला पेज करून घालतो, पाय चेपतो."

"जित्तेपनी चेपतो. मेल्यावर कोन?"

तिचा तिढा एवढाच होता आणि तो डोंगराएवढा होता. एकुलता एक लेक. चितेला आग त्यानं द्यायची, डोकं त्यानं भादरायचं, दहाव्याला पिंड त्यानं ठेवायचा, मग मेलेलं माणूस पलीकडं पोचतं. नाहीतर अर्ध्या वाटेत राहतं. हे तिनं कुठं वाचलं नव्हतं. तिनं बघितलं होतं. नवरा साप चावून मेला तेव्हा दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मग हिनं पुढं होऊन सांगितलं, "पोराला जगवीन." लगेच कावळा झेपावला. "तेच्या बापानं माझं आयकलं," ती म्हणायची. "तवा मना कळलं, आयकतात ते."

ज्या पोराला जगवायचं वचन देऊन तिनं नवऱ्याला वाटेला लावलं, तेच पोर आता म्हणत होतं, मी पिंड ठेवणार नाही.

दिवाळीनंतर ती खाटेला खिळली. मुरबाडच्या डॉक्टरनं तपासलं, गोळ्या दिल्या, आणि बाहेर येऊन मला सांगितलं की वय झालंय. तेव्हापासून तिचं एकच चाललं. लेक पेज भरवायला बसला की पहिल्या घासाआधी विचारायची, "आग देशील ना रे?"

तो वाटी खाली ठेवायचा. "आये, मी तुझी सगली सेवा करीन. तुला उचलून नेईन. रडीन. पन ते इधी माज्यानं नाय व्हनार. मी बापाला शबूद दिलाय."

"मना कोन दील मंग शबूद?"

मग ती घास घ्यायची नाही. तो तसाच बसून राहायचा, वाटीतली पेज थिजेपर्यंत. कधी म्हणायचा, "आये, तू पन बापाकडं ये ना गो. मंग आपली ताटातूटच नाय."

"माझा नवरा तिकडं वाट बघतोय," ती म्हणायची. "मी दुसऱ्याच्या बापाकडं कशाला जाऊ?"

रोज. रोज हेच. वाडीतल्या बायका येऊन त्याला सांगून गेल्या, चुलतभाऊ सांगून गेला, भगत सांगून गेला. सगळ्यांचं म्हणणं एक: म्हातारीला हो म्हण आणि मोकळा हो. मागनं कर नायतर नको करू. शहापूरच्या त्या गवंड्याला मी गाठलं, तर तोही घाबरत म्हणाला, "शेट, मी काय सांगू? मरत्या आईला धीर दिला तं देव मारनार नाय, असं मना वाटतं." त्यानं रविवारी याला तसं सांगितलंही. हा सगळं ऐकून घरी आला आणि आईनं विचारल्यावर म्हणाला, "नाय गो."

शेवटी मी ठरवलं. अरे, आपण जन्माला आलो कशासाठी? आयुष्यभर खेकडे फुगवले, डास पाडले. ही विद्या एका तरी माणसाच्या कामी येऊ दे.

एका सकाळी तो ओढ्यावरनं पाणी आणायला गेलेला बघून मी म्हातारीच्या खाटेशी बसलो.

"आये, एक सांगतो. कुणाला बोलू नकोस."

"बोल."

"तुझा लेक काल माझ्यापाशी रडला. म्हणाला, आईपुढं बोलायची लाज वाटते, शेट, पण वेळ आली तर सगळं करीन. डोकं भादरीन, आग देईन, पिंड ठेवीन."

एवढी साधी थाप मी जन्मात मारली नव्हती. कुठं फुगवली नाही, कुठं रंग भरला नाही. नुसती ठेवली तिच्यापुढं, पाण्याच्या तांब्यासारखी.

ती माझ्याकडं बघत राहिली. "खरं?"

"खरं."

"तुज्या पोरांची शपथ?"

"शपथ."

तिनं माझा हात धरला. त्या हाताला वजनच नव्हतं. तिच्या तोंडावरची एकेक सुरकुती सैल होताना मला दिसली. मी सांगतो तुम्हाला, तेवढा वेळ ती पोचली होती. तेवढ्यात तो हंडा घेऊन दारात आला.

"व्हय रे?" तिनं विचारलं. आवाज पोरीसारखा झालेला. "तू आग देनार मना? ह्यो थापाड्या सांगतो."

आता बघा. त्याला हो म्हणायची गरज नव्हती. मान हलवायची गरज नव्हती. हंडा ठेवून, नाक पुसून, परत बाहेर गेला असता तरी काम झालं असतं. तिच्या उशामागं उभा राहून मी त्याला दोन्ही हात जोडले. मी कधी कुणाला हात जोडत नाही.

त्यानं हंडा खाली ठेवला. तो तिच्या पायाशी बसला, तिचे पाय धरले.

"नाय गो आये. मी असं नाय बोललो."

तिनं त्याला शिवी दिली नाही, रडली नाही. हळूहळू भिंतीकडं वळली. भिंतीकडं बघूनच मला म्हणाली, "तुज्यावर येकडाव तरी इस्वास ठेवायचा व्हता रे मना."

बाहेर आल्यावर मी त्याची गचांडी धरली. "तुझा बाप एवढा कडक आहे का रे? एका शब्दासाठी आईला असं मारतोस?"

त्यानं मला ढकललं नाही. "तो कडक नाय, शेट. मी कच्चा हाय. तुमी मना रस्त्यात पडल्याला बघितलाय. दारू बी मी अशीच सुरू केली व्हती, येका घोटानं, कोनाला बरं वाटावं म्हनून. मी येकडाव खोटं बोललो का माझं सगलं सुटंल. माज्यात धरायला दुसरं कायच नाय."

मी सोडलं त्याला. काय करणार? धरून तरी काय ठेवणार होतो?

ती गेली. पेज न खाता गेली, भिंतीकडं तोंड करून.

भाऊबंद जमले. वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं दारात उभं राहून विचारलं, "आग देतोस?"

"नाय, आजा. पन खांदा..."

"आग नाय तं खांदा बी नाय."

झालं. चुलतभावानं मडकं धरलं. लाकडं मात्र यानं स्वतः डोंगरातून फोडून आणलेली, ती चालली. लाकडाला धर्म नसतो. तिरडी निघाली तेव्हा हा सगळ्यात मागं, मध्ये बरंच अंतर सोडून. ओढ्याच्या अलीकडं त्याला थांबवलं. पलीकडं चिता पेटली. मी त्याच्याजवळ उभा होतो. वाटलं, प्रार्थना करत असेल. पण त्याचे ओठ हलत नव्हते. डोळे उघडे होते, आणि धूर जिकडं वळेल तिकडं त्याची मान वळत होती.

दहाव्याला त्याच ओढ्यावर पिंड ठेवला. समोरच्या ऐनाच्या झाडावर कावळे भरपूर. एकही खाली येईना.

तुम्हाला रीत माहीत आहे. मेलेल्याच्या मनात काय अडकलंय ते ओळखून कुणीतरी मोठ्यानं सांगायचं. चुलतभाऊ म्हणाला, "काकी, तुझी शेली मी सांभालीन." कावळे गप्प. शेजारची बाई म्हणाली, "तुज्या लेकाला उपाशी नाय ठेवनार गो." एक कावळा फांदी बदलून बसला, बस्स. कुणी घर शाकारायचं बोललं, कुणी तेराव्याचं. ऊन चढलं. पोरं भुकेनं रडायला लागली.

मग तो दारातला म्हाताराच म्हणाला, "तिला कोनाचं आयकायचं हाय ते सगल्यांना ठावं हाय. बोल रे तू."

सगळी तोंडं वळली. हा ओढ्याच्या अलीकडंच उभा होता.

"येऊ दे त्याला हिकडं," म्हातारा म्हणाला. "ये रं. येवढं बोल, पुढल्या पितरपाखाला पान ठेवीन म्हन. मंग कर नायतर नको करू."

तो पाण्यातून चालत आला. मी त्याच्या कानाशी लागलो, "अरे, आईला नाही तर नाही, कावळ्याला तरी थाप मार! कावळा कुठं तुझ्या बापाला सांगायला जातोय?"

दोघंतिघं हसले. तो नाही.

पिंडापुढं उभा राहिला. तोंड उघडलं. "आये," म्हणाला. पिंडाकडं बघितलं, मग वर झाडाकडं.

"आये, मी हाय हितं."

एवढंच.

इथं मी तुम्हाला सांगायला हवं की कावळा आला. माझा धंदाच तो. आणि मी तसं सांगितलंयही. घाटातून येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना मी सांगितलंय की पंख पसरून असा आला की आमच्यावर सावली पडली. बायका डोळे पुसतात. पण तुम्हाला खरं सांगतो. कावळा आला नाही. शेवटी गवताचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं मागं न बघता घरी गेली.

वाडीत त्याच संध्याकाळपासून सुरू झालं: म्हातारी पोचली नाही. ओढ्यावर बसलेली असते. भर दुपारी धुणं धुताना एकीला तिचा खोकला ऐकू आला. दुसरीला नुसतं लुगड्याचं टोक दिसलं. बायकांनी दुपारी ओढ्यावर जाणं बंद केलं.

तो कामावर यायला लागला. भाकऱ्या तशाच, पण कुणी काही विचारलं तर ऐकूच जायचं नाही. एक गिऱ्हाईक बोर्डाकडं बोट दाखवून "गावठी आहे ना?" म्हणालं. हा भट्टीकडंच बघत बसला. मीच म्हणालो, "बॉयलर आहे." माझं मलाच नवल वाटलं.

एका दुपारी धाबा रिकामा होता. तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला.

"शेट, येक इचारू?"

"विचार."

"ती हितं भटकते म्हनतात ते मी मानत नाय. मानसाचा जीव असा ओढ्यावर बसत नाय, हे मना ठावं हाय."

"बरं मग?"

"पन ती बापाकडं बी नाय ना गेली. तिनं बापाला मानलंच नाय. शेवटपत्तुर नाय म्हनली." तो काउंटरच्या लाकडावर बोट फिरवत होता, लहान पोरासारखं. "आन तिच्या नवऱ्याकडं जायाचं तं मी आग नाय दिली. मंग ती कुठं हाय, शेट?"

तो उत्तरासाठी थांबला. माझ्याकडं बघत खरोखरच थांबला. टोकावड्यातल्या सगळ्यात मोठ्या थापाड्याकडं. मी तोंड उघडलं. मी ज्याच्या त्याच्या प्रश्नाला गोष्ट काढून दिलीय. झोपेतून उठवलं तरी वाघ, भूत, पोलीस, काय हवं ते. त्या दिवशी काहीच निघेना. शहापूरच्या गवंड्याला त्यानं विचारलं होतं का, एवढंच मला विचारता आलं.

"इचारलं. तो रडला," तो म्हणाला, आणि भट्टीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तो धाब्यावर दिसेना. मी वाडीत गेलो. घर उघडं. ओढ्याकडं गेलो तर भर उन्हात, त्या पिंडाच्या जागेच्या वरच्या दगडावर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.

"इथं काय करतोस?"

"बाया म्हनतात दुपारची दिसते."

"तू तर मानत नाहीस ना?"

"नाय मानत." मग पाण्याकडं बघत, "पन तेंचं खरं असलं तं बरं व्हईल, शेट."

मी त्याच्या शेजारी बसलो. पाला वाजला की तो मान उचलायचा. एकदा पलीकडं कुणीतरी खोकलं. तो उठून उभाच राहिला. गुराखी होता. मग परत बसला. ऊन डोंगरामागं जाईपर्यंत आम्ही दोघं तिथं होतो, देव न मानणारा मी आणि भूत न मानणारा तो, एका म्हातारीच्या भुताची वाट बघत. ती आली नाही.

त्यानंतर काही दिवस मी त्याला तिथं पाहिला. मग तिथंही नाही. कुणी म्हणतं भिवंडीकडं गेला, कुणी म्हणतं वीटभट्टीवर आहे, परत प्यायला लागलाय. गवंड्यानं मला फोन करून विचारलं, "तुमच्याकडं हाय का?" मी नाही म्हणालो. त्यानं दोनदा विचारलं, "खरं सांगा, शेट." मी परत नाही म्हणालो.

परवा करवंदं घेऊन वाडीतल्या बायका आल्या होत्या. मी म्हटलं, "काय, म्हातारी काय म्हणते?"

एकमेकींकडं बघून त्या थोड्या मागं सरकल्या. मग एक म्हणाली, "म्हातारी नाय दिसत आता, शेट. तिचा ल्योक दिसतो. दुपारचा. दगडावर बसल्याला."

मी चप्पल घालून तसाच निघालो. धाबा उघडा, गल्ला उघडा. ओढ्यापर्यंत धावलो असेन. या वयात, या पोटानिशी. दुपार होती. पाणी बारीक झालेलं. दगड रिकामा होता. मी त्याच्यावर हात ठेवून बघितला. उन्हानं तापलेला होता, एवढंच.